अकोल्याकडचा उतार

हेमलता सबनीसांच्या हॉलमधल्या टाइल्स काढल्या, तेव्हा खालच्या काँक्रीटला ईशान्येकडे अठरा मिलिमीटर उतार पडलेला निघाला, आणि हा उतार वाट पाहण्याचा आहे, असं दस्तगीर मिस्त्रींनी पाणसळ लावून सांगितलं.

मिरजेत तळमजल्याच्या घरांतून असे उतार पुष्कळ निघतात. घरातलं माणूस ज्या दिशेची वाट पाहतं, त्या दिशेला जमीन वर्षानुवर्षं दबत जाते. टाइल्स असतात तोवर ते कळत नाही, कारण खालचा सिमेंटचा थर सगळं पोटात घालतो. त्यावर बसवायच्या लॅमिनेटच्या फळ्यांचं तसं नसतं. दोन मीटरमागे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला, की फळ्यांचे जोड सुटतात.

हेमलताबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. गार टाइल्सवर पाय ठणकतात म्हणून त्यांनी लॅमिनेट बसवायचं हे काम काढलं होतं. आपण कुणाचीही वाट पाहत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मिस्त्रींनी वाद घातला नाही. चिकटून राहिलेलं सिमेंट खरवडून काढलं, धूळ झाडली आणि ओल तपासायला ईशान्येच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी पट्टी लावून बंद केला. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आत थेंब धरले होते. त्यांनी एक थेंब बोटावर घेऊन पाहिला.

"अकरा वर्षांची ओल आहे, बाई. अकोल्याकडची."

अकोल्याला हेमलताबाईंची धाकटी बहीण पुष्पलता राहत होती. आई गेली त्या दिवशी हेमलताबाई तिला चार माणसांत म्हणाल्या होत्या, की तू आलीस ती पाहुणीसारखी, आता जा तीही पाहुणीसारखीच. पुष्पलता त्याच संध्याकाळी निघून गेली. त्यानंतर दोघींमध्ये एक शब्द नव्हता.

लॅमिनेटवाल्यांच्या छापील अर्जात 'घरात कोणाची वाट पाहिली जाते काय?' असा रकाना होता. हेमलताबाईंनी तिथे 'नाही' लिहून सही केली. सही झाल्यावर मिस्त्रींनी लेव्हलिंगचं पातळ मिश्रण ओतून खोली एकसारखी केली. सकाळी पाहिलं, तर सगळं मिश्रण अकोल्याच्या बाजूला वाहत जाऊन भिंतीशी वाळलं होतं, आणि कोपरा आणखी दोन मिलिमीटर खचला होता.

मिस्त्रींनी ते तासून काढलं. अर्ज चुकीचा भरला असला की असं होतं, एवढंच ते म्हणाले, आणि चहा प्यायला बाहेर गेले. ते परत येईपर्यंत हेमलताबाई उघड्या काँक्रीटवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मग त्यांनी फोन लावला.

"पुष्पा, घरात जमिनीचं काम काढलंय. उतार तुझ्याकडचा निघाला."

पुष्पलताने आधी आकडा विचारला.

"किती?"

"अठरा होता. कालपासून वीस."

"आमच्या टाइल्स अजून काढल्या नाहीत, ताई," पुष्पलता म्हणाली. "पण वाटाणे सोलताना एखादा खाली पडला, की घरंगळत तुझ्या दिशेच्या भिंतीशी जातो. मी तिथूनच उचलते."

ये म्हणून हेमलताबाईंनी एकदाच म्हटलं. पुष्पलताच्या नवऱ्याची एक बाजू लुळी पडलेली होती, त्याला दोन तासही एकटं सोडता येत नव्हतं. तिला येता येणार नव्हतं. तिने तसं सांगितलं, आणि तरी दोघींनी फोन ठेवला नाही.

संध्याकाळी हेमलताबाईंनी अर्जावरचं 'नाही' खोडून शेजारी बहिणीचं नाव लिहिलं. मिस्त्रींनी ते वाचून दुसरा उपाय सांगितला. खालची बाजू वर येत नसेल, तर वरची बाजू खाली आणायची. चार दिवस यंत्र चाललं आणि सबंध हॉल घासून त्या कोपऱ्याच्या पातळीला उतरवला. आता स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना पाऊल जरा खाली पडतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते आधीच सांगावं लागतं.

शेवटी फोमचा थर अंथरून फळ्या बसवल्या. पाणसळीतला बुडबुडा मधोमध उभा राहिला. मिस्त्री भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर सरकत होते.

"लॅमिनेटला फुगायला जागा लागते. तीन भिंतींना आठ मिलिमीटर सोडलेत," ते म्हणाले. "अकोल्याच्या भिंतीला किती सोडू?"

हेमलताबाईंनी थोडा विचार केला.

"पंधरा सोडा," त्या म्हणाल्या.