पाणघोड्याची उलटी आंघोळ

तीस वर्षांत आपल्या हातून एकही पान इकडचं तिकडे झालेलं नाही, हे वाचनालयाचे बाइंडरकाका कोणी न विचारताही सांगत. म्हणून पाणघोड्याच्या आंघोळीचं फाटकं पुस्तक त्यांच्याकडेच आलं. चिकटवलेली पानं टेबलावर वाळत होती, तेवढ्यात कोणीतरी पंखा लावला. काकांनी खोलीभर रांगत पानं गोळा केली आणि आकडे न बघताच घाईघाईने शिवून टाकली.

घाई होतीच तशी. वाचनालयाच्या मोठ्या मॅडम छोट्यांचा गोष्टीचा तास बघायला येणार होत्या. चार-पाच वर्षांच्या पोरांना वाचता येत नाही, मग त्यांना वेगळा कोपरा कशाला, तिथे कपाटं मावतील, असं त्यांचं मत होतं.

मॅडम येऊन बसल्या. गोष्टीच्या ताईंनी पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानावर पाणघोडा टॉवेलने अंग पुसत होता. दारात उभे काका दोन पावलं मागे सरकले.

"एक होता पाणघोडा," ताई हसू टिकवत म्हणाल्या, "तो अंग पुसत होता..."

"तो अजून भिजलाच नाही," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

"आणि खाली नऊ लिहिलंय. आधी एक पाहिजे," शेजारचा म्हणाला.

बघता बघता सगळी पोरं पुस्तकावर तुटून पडली. फक्त पाय ओले आहेत, म्हणजे हे आधीचं. साबण संपलाय, म्हणजे हे नंतरचं. ताई नुसत्या सांगितलेलं पान उघडत होत्या.

वेणीवालीने एका पानावर बोट ठेवलं. "हे शेवटचं. इथे 'समाप्त' आहे."

"तुला वाचता येतं?" मॅडमनी विचारलं.

"नाही. पण हा शब्द नेहमी शेवटीच बसतो."

काकांना राहवेना. "मॅडम, चूक माझी आहे. पोरांचा कोपरा काढू नका."

"काढते कशाला?" मॅडम म्हणाल्या. त्या एव्हाना स्वतःच सतरंजीवर येऊन बसल्या होत्या. "दर महिन्याला एक पुस्तक असंच बांधून द्या."

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच दुसरं पुस्तक घेतलं, पानं नीट पिसली आणि शिवली.

पुढच्या तासाला वेणीवाली ते घेऊन त्यांच्या टेबलाशी आली.

"काका, हे बिघडलंय. सगळी पानं बरोबर आहेत."

काकांनी उलटून पाहिलं. शिवता शिवता हातांनी सवयीने सगळं जागच्या जागी लावलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं काम परत आलं होतं.