अकरा घरांची खुर्ची

काळूरामच्या पेनाचं टोपण गोदूबाईच्या खोलीत हरवलं आणि तिसऱ्या खोलीत, बायजाबाईकडे, खुर्चीच्या वेतात अडकलेलं सापडलं. रोजावर नेमलेला हा पाहणी-कारकून थोडा वेंधळा होता खरा, पण टोपण पायांनी चालत येत नाही एवढं त्यालाही कळत होतं. शिवाय खुर्ची तो बसायच्या आधीच गरम होती.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. कामतघरच्या त्या चाळीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्यांच्या अकरा खोल्या, आणि पाणी आणायचं पार नाक्यावरून. नळ कुणाला द्यायचा हे ठरवायला ऐपतीची पाहणी निघाली होती. मिळकत विचारली की लोक खोटं सांगतात, म्हणून वरच्या हुशार साहेबांनी वस्तू मोजायचं ठरवलं. घरात खुर्ची असली की कुटुंब सुखवस्तू, आणि सुखवस्तूंना नळ नाही. काळूरामने आधीच्या दोन्ही घरांपुढे इमानदारीत 'खुर्ची आहे' असं लिहिलं होतं.

"बायजाबाय, खुर्ची कुणाची?"

"आमचीच की."

"मग माझं टोपण हितं कसं आलं?"

बायजाबाईने पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात गोदूबाई आणि शेजारची आबिदा दारात आल्या. काळूराम दारावर खडूने आकडा घालेपर्यंत या दोघी मागच्या दाराने खुर्ची पुढच्या घरी पोचवत होत्या.

"सगल्यांची हाय," गोदूबाई म्हणाली. "मागच्या टायमाला एक सायेब आलता. गोणपाटावर बसवला, त्याच्या पाटलोनीला तेल लागलं. अख्खी चाळ 'बंद' लिहून गेला, नल ऱ्हायला. म्हून औंदा वर्गणी काढली."

"नल के वास्ते खुर्ची ली, साहब," आबिदा म्हणाली.

"आणि खुर्चीपायीच नळ जाणार," काळूराम म्हणाला, आणि नियम सांगितला. तिघींची तोंडं उतरली. त्याला फार वाईट वाटलं. तो गोणपाटावर मांडी घालून बसला, जुने दोन फॉर्म फाडले आणि अकराही घरांपुढे 'खुर्ची नाही' लिहिलं.

पण दुसऱ्या दिवशी मोठे साहेब फेरतपासणीला येणार होते. खुर्ची लपवायची कुठे? एकेका खोलीत दोन शिफ्टची माणसं आळीपाळीने झोपत होती.

"तुमीच न्या ना दोन दिस," गोदूबाई म्हणाली.

काळूराम खुर्ची डोक्यावर घेऊन आपल्या गावी, राहनाळला निघाला. धामणकर नाक्यावर तिघांनी तिचा भाव विचारला. त्याच्या आळीनेही नळ मागितला होता, पण आपल्याच गावाची पाहणी आपण करायची नाही असा नियम होता.

दुसऱ्या दिवशी चाळ तपासणीत पास झाली. काळूराम खुशीत घरी आला, तर आई सीताबाई त्याच्याहून खुशीत.

"आज आपल्या आलीत पाहणीवाला आलता. बाया गोणपाट पुढं करत व्हत्या. मी म्हनलं, माझा पोर सरकारात हाय! खुर्चीवर बसवला. मंग सगल्यांच्या घरी नेली. लई खूस झाला बग."

काळूराम खुर्चीवर टेकणार होता. तो खाली जमिनीवरच बसला.

"त्याच्या पेनाचं टोपण राह्यलंय हितं," सीताबाई म्हणाली. "तेवढं देशील न्हेऊन?"