सबनीसांची मुठीतली जनावरं

सबनीसांच्या घरी चहा मिळायचा, पण आधी अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावं लागायचं. मग ते तुमच्या तळहातावर एक दगडी जनावर ठेवत आणि म्हणत, "नुसतं बघू नका. धरा." चहा त्यानंतर. एका हातात जनावर असताना कपबशी कशी सांभाळायची, हा प्रश्न तुमचा.

कुवेतमधल्या अहमदीत, तेल कंपनीच्या जुन्या घरात ते एकटे राहायचे. मूळचे नाशिकचे. दिवसभर तेलाच्या पाइपांवरचा गंज तपासायचा आणि संध्याकाळी, जे कधीच गंजत नाही ते घेऊन बसायचं, असा दिनक्रम. कुवेत सोडून जाणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून त्यांनी ही जुनी चिनी जनावरं घेतली होती. कासव, बैल, बसलेलं अस्वल आणि एक लांबट डुक्कर. सगळी मुठीत मावणारी. "दोन हजार वर्षांची आहेत. तुमच्या हातून काय होणार त्यांना!" नव्वद साली इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि सगळी पळापळ झाली, तेव्हा त्यांनी ती अंगणातल्या बोरीखाली पुरली. परत आल्यावर बॅगा उघडण्याआधी ती उकरून काढली.

साहेबाचा शब्द सोडला तर वयाचा पुरावा काही नव्हता. एकदा अम्गऱ्याच्या भंगारबाजारातून त्यांनी एक सिंह आणला, तोही म्हणे चीनचाच. धुवायला घेतला तर अंगावर साच्याची शिवण. निव्वळ सिमेंट! सबनीस हिरमुसले नाहीत. त्याला चपलांपाशी बसवून म्हणाले, "असू दे. दूरचा नातेवाईक."

डुक्कर मात्र ते कुणाच्या हातात देत नसत. "हे मेलेल्याच्या मुठीत ठेवायचं. तशी पद्धत होती त्या लोकांत. माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये." हे ऐकलं की माझी बायको वीणा हातातलं भजं खाली ठेवायची.

याच वीणाने एका गणपतीत घोळ घातला. आम्ही अहमदीजवळ एगैलाला राहायचो, गणपती घरातल्या घरात बसवायचो. पाहुण्यांना धरायला द्यायचं म्हणून सबनीस अस्वल घेऊन आले आणि हात धुवायला जाताना ते मखराशेजारी ठेवून गेले. ढेरपोटं, मांडी घातलेलं, नाक झिजलेलं. वीणाला वाटलं, जुन्या घडणीचा गणपतीच आहे, सोंड झिजली असेल. तिने हळदकुंकू वाहिलं, पुढे मोदक ठेवला. सबनीस आले, ओरडायला तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "दोन हजार वर्षांत याला कुणी खायला विचारलं नसेल हो." कुंकू पुसलं, पण एका कानातलं राहिलं. ते त्यांनी कधी काढलं नाही.

पुढे वीणाचं मोठं ऑपरेशन ठरलं. वाचेल की नाही, हे डॉक्टरही नीट सांगत नव्हते. इथे आमचं कुणी नव्हतं. तिला आत नेण्याआधी सबनीस ड्यूटीच्या बुटांसकट आले आणि त्यांनी खिशात हात घातला. मला वाटलं, डुक्कर!

निघालं अस्वल. "वहिनी, धरा. ओळखीचं आहे."

नर्सने दाराशी काढून घेईपर्यंत वीणाने ते घट्ट धरलं होतं. सबनीस दिवसभर माझ्याशेजारी बसून राहिले. त्यांच्या प्लांटवर दुरुस्तीसाठी शटडाऊन चालू होता, सगळ्यांच्या रजा बंद होत्या, म्हणून मी विचारलं, "रजा मिळाली?"

"नाही मिळाली. मागे एकदा अशीच नव्हती मिळाली. तेव्हा ऐकलं साहेबांचं. आमची ही नाशिकला वारली, तेव्हा हात धरायला कुणी नव्हतं." मग ते कॉफी आणायला उठले.

वीणा बरी झाली. ती घरात गुणगुणत असली की मला आजही सबनीस आठवतात आणि हात आपोआप जोडले जातात.

रिटायर होऊन निघाले, तेव्हा ते निरोप घ्यायला आले. कासव आणि बैल ऑफिसात देऊन झाले होते. अस्वल त्यांनी वीणापुढे ठेवलं. "हे तुमचं."

"आणि डुक्कर?"

"ते नेतो. मला लागेल. तिकडे आहे कोण?" हेही त्यांनी नेहमीसारखं हसतच सांगितलं.

वीणा हसली नाही. तिने त्यांच्या हँडबॅगेतून डुक्कर काढलं आणि आमच्या कपाटात ठेवलं. अस्वल उचलून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"ते इथेच राहील, भाऊजी. वेळ आली की मी स्वतः घेऊन येईन नाशिकला. तोवर हे धरा."

सबनीसांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला.