बदली बाई आणि सुटातला पाहुणा

सकाळी पावणेसातला चेलो बारागानच्या टेबलावरचा फोन अकराव्यांदा वाजला आणि पलीकडच्या अकराव्या मास्तरनेही खोकूनच सुरुवात केली.

"मिस बारागान, मला ताप..."

"कळलं. खोकला आवरा, माझा कान गेला. कुठला वर्ग?"

"दोनशे चौदा. नववीचं बीजगणित."

चेलोने कपाळाला हात लावला. दोनशे चौदाने ऑक्टोबरपासून तीन बदली शिक्षक पळवून लावले होते. तिसरा तर आपली टोपी न्यायलासुद्धा परत फिरकला नव्हता.

लास पाल्मितास हायस्कूल ही शाळा कसली, बारमाही जत्राच. लॉस एंजलिसच्या उत्तरेकडच्या खोऱ्यातली ती जागा मुळात दीड हजार पोरांसाठी बांधलेली. आता तिथे चार हजार सहाशे पोरं आणि दोनशेवर शिक्षक कोंबलेले होते. कुणी कुणाला ओळखत नसे. दोन मास्तर सहा वर्षं एकाच मजल्यावर शिकवत होते, त्यांची ओळख झाली ती तिसऱ्याच्या लग्नात. सगळ्यांना ओळखणारी एकच बाई, कचेरीच्या खिडकीत बसणारी चेलो. "माणूस दारातून आत येऊ दे, कोण आहे ते मी चपलांवरून सांगते," असं ती म्हणे, आणि बावीस वर्षांत तिचं फारसं चुकलं नव्हतं.

त्या दिवशी खिडकीवर दोन अनोळखी माणसं यायची होती. एक नवा बदली शिक्षक. दुसरा, शाळेवर लेख लिहायला येणारा एका बड्या मासिकाचा पत्रकार. या पत्रकारापायी संचालक डॉक्टर वेंडेल पिंकनी आठवडाभर झोपले नव्हते. शाळा सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार स्वतःचा. त्यासाठी दर पाच वर्षांनी शिक्षण मंडळाकडून नवी सनद मिळवावी लागे. मंडळाचं मतदान पंधरा दिवसांवर आलं होतं. लेख चांगला आला तर सनद, नाहीतर डॉक्टरसाहेबांना घरी बसून टोमॅटो लावावे लागले असते. त्यांनी पुढच्या जिन्याला रंग दिला, बेकरीतून गोड पाव मागवले आणि पत्रकाराला मोठ्या थाटात लिहिलं, "आमच्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. या, थेट वर्गात शिरा." चेलोला मात्र एवढंच बजावलं, "मासिकाचा माणूस येईल. आला की लगेच मला बोलव. आणि चेलो, आज गोंधळ नको."

साडेसातला गोंधळ खिडकीवर येऊन उभा राहिला. आधी आली एक बाई. जीन्स, कॅनव्हासचे बूट, पाठीवर पिशवी, हातात कागदी कपातली कॉफी.

"मी हेजिन यून. आज दिवसभर इथे आहे. मुलांबरोबर वर्गात बसायचंय, असं ठरलंय."

"देव पावला!" चेलो म्हणाली. "तुमचं गणित कसं आहे?"

"माझं? बरं आहे."

"बरं म्हणजे उत्तमच. या चाव्या. दुसरा मजला, दोनशे चौदा. हजेरी घ्या. मागच्या रांगेतली डॅमिरिस संडासला जाते म्हणाली तर सोडू नका, ती परत येत नाही."

"पण मी तर..."

"बाई, घंटा झाली! अडतीस पोरं आत एकटी आहेत. त्यांनी पंखा उतरवला तर जबाबदार कोण?"

हेजिन यून क्षणभर चाव्यांकडे पाहत राहिली. मग तिला पत्रातलं 'थेट वर्गात शिरा' आठवलं असावं. 'शाळा बोलते तशी वागते खरी,' असं काहीसं पुटपुटत ती जिन्याकडे पळाली.

ती जाते न जाते तोच दारात एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. करड्या रंगाचा सूट, कडक कॉलर, टाय, काखेत चामड्याची वही आणि आरसा म्हणून वापरावेत असे बूट. चेलोने बूट पाहिले आणि तिचा निकाल झाला.

"आम्ही तुमचीच वाट बघत होतो सर! डॉक्टर पिंकनींना बोलावते."

"माझी?" गृहस्थ चकित झाले. "संचालक स्वतः?"

हे होते होव्सेप टर्झियान. येरेवानमध्ये इंजिनियर झालेले आणि इथे येऊन एकतीस वर्षं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान चालवलेले. बायको वारल्यावर घर खायला उठलं, म्हणून बदली शिक्षक म्हणून नाव नोंदवलं. आज पहिला दिवस, म्हणून लेकीच्या लग्नातला सूट घातलेला. संचालकांनी दोन्ही हातांनी हात हलवला, कॉफी दिली, गोड पाव पुढे केला, तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. एका दिवसाच्या मास्तरचा हा मान! आर्मेनियात मंत्र्यालाही पाव मिळत नाही.

पुढचा तास दोघं शाळाभर फिरले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते टर्झियाननी चेलोला नंतर सांगितलं.

"तुमचा भर कशावर राहणार?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"मला गणित सांगितलंय."

"आकडेवारी! वा! आमचे आकडे फार बोलके आहेत. मोकळेपणानं सांगा, पहिलं मत काय झालं?"

"शाळा कसली, विमानतळ आहे," टर्झियान म्हणाले. "सगळे धावतायत आणि सामान कुणाचं ते माहीत नाही."

"विमानतळ! भरारी! हे नक्की लिहा."

नाट्यगृहात टर्झियाननी पडदा बोटांनी चोळून पाहिला. "हा मखमली आहे. पाण्यानं धुतलात ना? मेला बिचारा." डॉक्टरांना वाटलं, काय बारीक नजर आहे!

इकडे साडेआठला खिडकीवर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक दाढीवाला आला.

"मासिकाचा फोटोग्राफर. आमची हेजिन यून आली का?"

"कोण हेजिन? तुमचे साहेब आलेत की. सुटातले."

"साहेब? ती बाई आहे. कोरियन. पाठीवर पिशवी, हातात कायम कॉफी."

चेलोची बावीस वर्षांची चपलांची विद्या एका क्षणात पायदळी गेली. तिने देशातल्या एका बड्या मासिकाच्या पत्रकाराला दोनशे चौदामध्ये कोंडलं होतं, आणि हातात चाव्या देऊन!

"चला," ती म्हणाली, "आणि जिन्याच्या कठड्याला हात लावू नका, रंग ओला आहे." एवढं सांगून तिने स्वतःच कठडा घट्ट धरला आणि धावत सुटली. डॉक्टरांच्या कानावर जायच्या आत दोघांची अदलाबदल करून टाकायची, एवढाच तिचा बेत होता.

पण त्याच वेळी वर डॉक्टर पिंकनी पाहुण्याला म्हणत होते, "कुठलाही वर्ग निवडा. तुम्ही म्हणाल तो. आधी ठरवलेलं काही नाही."

टर्झियाननी खिशातून चिठ्ठी काढली; बदली शिक्षकांच्या नोंदणी कचेरीनं सकाळी फोनवर सांगितलेला वर्ग तिच्यावर लिहिलेला होता. "मला दोनशे चौदालाच जायचंय. खरं तर उशीरच झाला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. म्हणजे कुणीतरी चुगली केली! पण शब्द दिला होता. त्यांनी दार उघडलं.

वर्ग चिडीचूप होता. अडतीस पोरं मान खाली घालून हिशेब करत होती. डॉक्टरांना बरं वाटलं, पण फळ्याकडे नजर गेली आणि बरं वाटणं संपलं. तिथे लिहिलं होतं: विद्यार्थी ४६००. कुलूप न लावलेले संडास ४०. मधली सुट्टी ६ मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला क्ष सेकंद. क्ष काढा.

"हे काय चाललंय?" डॉक्टर ओरडले.

"बीजगणित," मागच्या रांगेतून डॅमिरिस म्हणाली. "क्ष बरोबर तीन सेकंद, सर. चड्डीची नाडीसुद्धा सुटत नाही तेवढ्यात."

वर्गात हशा पिकला. हेजिन यून हाताचा खडू पुसत म्हणाली, "यांनीच विषय सुचवला. मी फक्त समीकरण मांडलं."

"बाई, चाव्या ठेवा तिथे," डॉक्टर लालबुंद झाले. "या शाळेत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही!" मग टर्झियानकडे वळून मध ओतल्यासारखं म्हणाले, "माफ करा हं. बदली शिक्षक म्हणजे काय, मिळेल ते भंगार गोळा करावं लागतं."

टर्झियाननी टाय सरळ केला. "डॉक्टर, मी बदली शिक्षक आहे."

डॉक्टर मोठ्याने हसले. मग थोडं कमी हसले. तेवढ्यात धापा टाकत चेलो दारात आली. तिचा उजवा तळवा हिरवागार होता.

"डॉक्टर, चूक माझी आहे. हे गणिताचे. त्या मासिकाच्या."

"हेजिन," मागून फोटोग्राफर म्हणाला, "फोटो कुठे काढू?"

"इथेच," ती म्हणाली. "फळ्यासकट."

पुढच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मिस, ते मधले कोण? तुम्हाला हाकलणारे?"

कुणालाच माहीत नव्हतं. डॅमिरिसचा अंदाज होता की रंगारी असावेत. त्यांचाही तळवा हिरवा होता.

टर्झियाननी मात्र सुटाचा कोट काढून खुर्चीवर नीट टांगला, बाह्या दुमडल्या आणि खडू उचलला. "बसा. गणित अर्धं राहिलंय. चाळीसमधले मुलींचे किती? आणि रांगेत उभं राहण्याचा वेळ कोण धरणार, तुमची आजी?" वर्ग पुन्हा मान खाली घालून बसला. टोपी विसरायला लावणारा वर्ग हाच का, असं चेलोला वाटून गेलं.

पुढचे दहा दिवस तिने आपल्या टेबलाचे खण रिकामे करायला घेतले. बावीस वर्षांचा पसारा. अर्धा तर पेनांची टोपणंच. बहिणीला फोन करून बेकरीत जागा आहे का तेही विचारून ठेवलं. डॉक्टर खिडकीवरून जाताना तिच्याकडे बघत नसत, आणि न बघण्यात शिव्यांपेक्षा जास्त मजकूर असे.

रविवारी लेख आला. चेलोने तो स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला. संडास होते, क्ष होता, फळ्याचा फोटो अर्धं पान होता. पण हेजिन यूनने असंही लिहिलं होतं की मला मोठमोठ्या शाळांनी चकाचक वाचनालयं दाखवली, वर्गात सोडलं ते फक्त याच शाळेनं. तिथली नववीची मुलं आपल्या शाळेवर इतकी चिडलेली होती, की ती त्यांना आपली वाटत असणार हे उघड होतं. आणि खिडकीतल्या एका बाईने मला नव्वद सेकंदांत कामाला लावलं. कुणा शिक्षण मंत्र्याला इतकं जमलेलं मी पाहिलेलं नाही.

चेलोने ते शेवटचं वाक्य चारदा वाचलं आणि खणातला पसारा सोमवारी परत खणात भरला.

मंडळाने सनद दिली. अटी दोनच: बंद संडास उघडा, आणि संचालकांनी आठवड्यातून तीन तास स्वतः वर्ग घ्यावा, म्हणजे मुलांना ते कोण आहेत हे कळेल. कुठला वर्ग, ते वेळापत्रक बघणाऱ्या कचेरीने ठरवायचं. कचेरी म्हणजे चेलो. तिने फार विचार केला नाही.

पहिल्या मंगळवारी डॉक्टर पिंकनी दोनशे चौदामध्ये गेले. बुधवारी पुन्हा गेले. बुधवारी दुपारी ते खिडकीपाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते खाली वाकून, हळू आवाजात बोलले.

"चेलो, उद्या मला ताप येईल असं वाटतंय."

"खोकलाही आहे का, डॉक्टर?"

डॉक्टर खोकले. जमेल तसं.

"बघते," चेलोने वही उघडली. "टर्झियानसाहेब मोकळे आहेत, विचारून ठेवलंय. पण ते म्हणतात, येईन, मात्र आधी संचालकांच्या हातची कॉफी आणि गोड पाव हवा. पहिल्या दिवशी मिळाला होता तसाच."