पूर्ण फळा

रेडिओवर कुणी थोर माणूस गेल्याची बातमी आली की तात्या चौधरी हळहळायच्या आधी ठरवायचे, याला पूर्ण फळा द्यायचा की अर्धा.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात तात्यांचे कापड विणायचे दोन लूम होते आणि बाहेरच्या भिंतीवर बातम्यांचा फळा. राष्ट्रपतींना पूर्ण फळा, मंत्र्याला अर्धा, माजी मंत्र्याला कोपरा. खाली ठरलेली ओळ : ‘देशाची अपरिमित हानी’. आणीबाणीत बाकीच्या बातम्या लिहायला ते कचरत, पण मरणाच्या बिनधास्त लिहीत. म्हणत, "मरनाला सेन्सॉर न्हाय, मास्तर!"

मास्तर म्हणजे मी. चित्रकलेचा शिक्षक. अख्ख्या भिवंडीत माझ्यासारखं अक्षर नव्हतं, आणि शिफ्ट सुटल्यावर गर्दी व्हायची ती तात्यांच्या वाकड्या ओळींपुढे! माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात आमची ही रोज भाजी आणताना फळा वाचून यायची आणि म्हणायची, "तात्या लिहितात ते कसं मनाला भिडतं."

एकदा मी सरळ खडू मागितला. तात्या म्हणाले, "अक्षर झ्याक हाय तुमचं, पन तुमाला खबरीची घाई न्हाय."

गल्लीतल्या मयताला मात्र फळा नाही. शेजारच्या लूमवरचे रहीमचाचा एकदा म्हणाले, "तात्या, मेरे बड़े भाई गुज़र गए. कोने में लिख दो."

"रेडिओपे आया क्या?"

"नहीं."

"फिर न्हाय."

चाचा परत लूमवर गेले.

रोज सकाळी फळा पुसायचं काम तात्यांच्या बायकोचं, हिराबाईंचं. त्या ओलं फडकं फिरवायच्या आणि पुटपुटायच्या, "काल एवढा मोठा मानूस लिवला, आज माझ्या फडक्यात." पुसून झालं की तात्यांच्या हातात खडू द्यायच्या. त्याशिवाय तात्या लिहायला लागत नसत.

सत्त्याहत्तर साली राष्ट्रपती गेले. पूर्ण फळा झाला. निवडणुका तोंडावर आलेल्या, सभांचा धुरळा उडाला, आणि त्या धामधुमीत साध्या तापाचं निमित्त होऊन हिराबाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा भरलेला होता. पूर्ण. ‘सौ. हिराबाई चौधरी यांचे दुःखद निधन. देशाची अपरिमित हानी.’ कुणी हसलं नाही. तात्यांनी खडू माझ्या हातात ठेवला. "आता तुमी लिवा, मास्तर."

इतकी वर्षं ज्यासाठी जळलो तो खडू मिळाला, पण लिहायला जागा कुठे होती? पुसणारी गेलेली. रोज मी खडू खिशात घालून फळ्यापर्यंत जायचो आणि तसाच शाळेत जायचो.

मग निकाल लागला. दिल्लीचं सरकार हरलं! अख्खी गल्ली फळ्यापुढे लोटली. "मास्तर, पुसा पुसा, मोठं लिहा!" पोरं ओरडत होती. असा दिवस आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. मी फडकं उचललं, तेवढ्यात तात्या बाहेर आले आणि त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. फळ्यापुढे वाकले. खालचा एक कोपरा हळूच पुसला.

"सरकार हितं लिवा."

"कोपऱ्यात? तात्या, अहो, सरकार पडलंय!"

गर्दीतून रहीमचाचा म्हणाले, "मास्टर, कोने में ही लिखो."

मी लिहिलं. माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात, मुंगीएवढं. ते वाचायला लोकांना वाकावं लागत होतं आणि वाकता वाकता सगळे वरचं नाव वाचत होते.

संध्याकाळी ही भाजी घेऊन आली. आज तरी माझ्या अक्षराचं कौतुक होईल म्हणून मी वाट बघत बसलो. ती भाजी निवडत राहिली आणि मान वर न करता म्हणाली, "अहो, मी गेले तर मला किती फळा द्याल?"

मला पुन्हा तात्यांचाच हेवा वाटला.