साळवे पाळकांचा खिळा

आमच्या धायरीच्या सोसायटीत कोणाकडे नवा फ्रीज आला, की घरच्यांपेक्षा जास्त आनंद समोरच्या साळवे पाळकांना होतो. फ्रीजकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. जिन्यात उभे राहून अदबीनं विचारतात, "खोकं टाकणार असाल, तर मी नेऊ का?"

साळवे म्हणजे मेथडिस्ट चर्चचे निवृत्त पाळक. त्यांच्या पंथातले पहिले प्रचारक म्हणे घोड्यावरून गावोगाव हिंडत. एका गावी फार रमायचं नाही, हा दंडक. साळव्यांनी तो जन्मभर स्कूटरवरून पाळला. बिशपांचा हुकूम आला की बाडबिस्तरा उचलायचा आणि पुढच्या गावी चर्चनं दिलेल्या घरात जाऊन पडायचं. आता फ्लॅट स्वतःचा आहे, तरी एक खोली पुढच्या बदलीसाठी जमवलेल्या खोक्यांनी भरलेली.

आणि भिंती मात्र कोऱ्या करकरीत. घरभर एक खिळा नाही. घड्याळ सोफ्याच्या पाठीला टेकवलेलं, त्यामुळे वेळ बघायची तर पाहुण्याला उठवावं लागतं. लग्नाचा फोटो खुर्चीवर. मी एकदा नवरानवरीच्या मांडीवर बसता बसता वाचलो.

"खिळा ठोकला आणि उद्या बदली आली तर?" पाळक म्हणायचे.

"अहो, निवृत्त माणसाची बदली कोण करणार?"

"बिशपांचं काही सांगता येत नाही."

आतून त्यांच्या पत्नी शांताबाई विचारायच्या, "लग्नाचा फोटो तरी लावा की. का मी गेल्यावर हार घालायलाच खिळा ठोकणार?" यावर पाळक मोठ्यानं उपासनेचं गाणं म्हणायला लागायचे.

एकदा बाई भाजीला गेल्या होत्या, तेव्हा मी पाळकांना गाठलंच. खिळा न ठोकण्याचं खरं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले,

"पहिल्याच गावी हिनं घर फार हौसेनं लावलं होतं. पडदे, फोटो, सगळं. वर्षाच्या आत बदली आली. पुढच्या पाळकाला घर नीट मिळावं म्हणून एकेक खिळा उपटत होती, भोकं साबणानं बुजवत होती आणि रडत होती. तेव्हाच ठरवलं, हिला परत खिळे उपटायला लावायचे नाहीत."

 मी म्हटलं, "पाळकसाहेब, या घरात पुढचा पाळक येणार नाहीये."

रविवारी उपासनेहून ते तडक माझ्याकडे हातोडी मागायला आले. काळजीपोटी मीही मागोमाग गेलो. भिंतीचा बराच गिलावा आणि अंगठ्याचं थोडं कातडं खर्ची पडून एकदाचा फोटो लागला. पोळ्या सोडून शांताबाई बाहेर आल्या. बघत राहिल्या.

"वाकडा ठोकलाय."

"उपटून परत ठोकू?"

"हात लावू नका त्याला," त्या म्हणाल्या आणि पदरानं काच पुसायला लागल्या. कितीतरी वेळ पुसत होत्या. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी भंगारवाला पाळकांची खोकी जिन्यानं खाली नेत होता. पाळक माझ्या दारात उभे होते, अंगठ्याला पट्टी.

"अजून थोडे खिळे असतील का हो?"