चार इसा सात

लसीकरण सुरू होताच संपलं. डॉक्टरांनी धुळाच्या चार मेंढरांना सुया टोचल्या आणि बर्फाचा डबा मिटला.

"आवं, बाकीची?" धुळानं विचारलं.

"मोबाइलवरच्या यादीत तुमची चारच आहेत. यादीबाहेर लस देता येत नाही."

धुळानं मागं वळून पाहिलं. चारांपेक्षा बरीच जास्त मेंढरं त्याच्याकडे बघत होती. उद्या कळप घेऊन माण तालुक्यातून कोकणात उतरायचं होतं. गेल्या साली वाटेतच रोगानं अकरा मेंढरं गेली होती, त्यामुळं लशीशिवाय निघायची त्याची छाती होत नव्हती.

नोंदणीचा प्रोग्राम त्याच्या पुतणीनंच, सांगलीच्या उत्कर्षानं लिहिला होता. त्यानं तिला फोन लावला.

"तात्या, संख्येच्या रकान्यात काय लिहिलंय तुम्ही?"

"चार इसा सात. दुसरं काय लिवणार?"

उत्कर्षानं कपाळावर हात मारला. मेंढरं विसाविसानं मोजायची घराण्याची पद्धत. चार विसा आणि सात म्हणजे सत्त्याऐंशी. प्रोग्राम मात्र '४ इसा ७' मधल्या चारापुढं अक्षर दिसताच थांबला होता.

"थांबा, अक्षरं गाळायला सांगते त्याला."

यादीत सत्तेचाळीस आले.

"मगाशी चार, आता सत्तेचाळीस," डॉक्टर गोंधळले. "मधल्या वेळात व्याली की काय?"

"मेंढरं शानी हायत, प्रोग्रामच बावळट हाय," धुळा म्हणाला. प्रोग्राम लिहिणारी फोनवर आहे, हे तो विसरलाच.

शेवटी इसा म्हणजे वीस हे उत्कर्षानं प्रोग्रामला शिकवलं. सत्त्याऐंशी आले! धुळाची बायको हरणाबाई एकेक मेंढरू धरत गेली, डॉक्टर टोचत गेले. सत्त्याऐंशी झाली, तरी पंचवीस उरलीच.

"तात्या, गणित बरोबर आहे. मग ही कुठली?"

"खरा आकडा कोण सांगतंय व्हय? नजर लागती."

"मग आता तरी सांगा!"

"आता तर न्हाईच. सगळी आयकत्यात." धुळानं डोकं खाजवलं. "लिव पोरी, ही पंचवीस माज्या मेव्हण्याची."

"तुम्हाला मेव्हणा कुठाय?"

"न्हाई म्हणूनच. नसलेल्या माणसाला नजर कशी लागंल?"

"पण प्रोग्राम नाव मागतोय."

धुळानं हरणाबाईकडं पाहिलं. डॉक्टर नव्या सुया मोजू लागले.

"इंद्रजित लिव," हरणाबाई हळूच म्हणाली. "आमी पाच भैनी. पाठीवर भाऊ झाला आस्ता, तर आय हेच नाव ठेवणार व्हती."

उत्कर्षानं नाव टाकलं, आणि इंद्रजितच्या पंचवीस मेंढरांना लस मिळाली.